मामांचा निनावी गठ्ठा

ताजं फूल पाहून आनंद होणारी माणसं तुम्हांला जगात कुठेही भेटतील. पण फूल वाळलं, चपटं झालं, त्याचा रंग उडाला आणि वास गेला की मगच ज्याचा चेहरा खुलायचा, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते तुमच्या आजोबांचे मामा, म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. तुमच्या बाबांना त्यांच्याविषयी विचारलंत तर ते नाक मुरडून "डांबराच्या गोळ्या" एवढंच म्हणतील, कारण मामांच्या कोटाला तो वास कायमचा चिकटलेला होता आणि बाबांचं लहानपण त्यांच्या मांडीवर गेलं. तुम्ही इतक्या लांब आहात की आपल्या घरातली अशी माणसं मी सांगितल्याशिवाय तुम्हांला कळायची नाहीत, म्हणून हे लिहायला बसले आहे.

शहरातल्या एका विद्यापीठात मामा हर्बेरियम सांभाळत. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या लोकांविषयी मला थोडं वाकडं लिहायचं आहे. हर्बेरियम म्हणजे झाडांचं दप्तर समजा. भिंतभर कपाटं, कपाटांत खण, खणांत जाड कागद, आणि प्रत्येक कागदावर एकेका झाडाची फांदी दाबून, वाळवून, टाके घालून बसवलेली. उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: झाडाचं नाव, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला, कोणी तोडलं, आणि जिवंत असताना फुलाचा रंग कोणता होता. मामांच्या मते झाडाचं आयुष्य या कागदावर सुरू होई. त्याआधी ते मातीत उभं असे तो केवळ उमेदवारीचा काळ. आपल्या परसात जास्वंद फुलली की सासूबाई कौतुकानं त्यांना दाखवायला नेत. मामा पाठीमागे हात बांधून पाहत आणि म्हणत, "बरी आहे. अजून कच्ची आहे."

सोमवारी पहाटे एस.टी.नं जायचं आणि शनिवारी दुपारी पनवेलला परत यायचं हा त्यांचा क्रम. लग्न झालेलं नव्हतं. एकदा पेणला मुलगी पाहायला गेले होते, पण मुलीऐवजी तिच्या वेणीतल्या सुरंगीच्या वळेसराकडेच बघत बसले आणि प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा "हे कोणत्या गावच्या झाडाचं आणि कोणत्या दिवशी तोडलं?" एवढंच विचारलं. मुलीनं दोन्ही उत्तरं चोख दिली म्हणून मामांना ती फार पसंत पडली होती. नकार तिकडून आला.

शनिवारी ते आले की त्यांच्या ट्रंकेतून आधी झाडं बाहेर पडत आणि मग कपडे. झाडं वाळवायची म्हणजे वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालायची, वर वजन ठेवायचं आणि कागद रोज बदलायचे. त्यामुळे आमच्या घरात आजचा पेपर आज कोणालाही वाचता आला नाही. तो आला की मामा नसले तरी त्यांच्या हुकमानं तात्काळ झाडाखाली जाई आणि ओला होऊन, पुन्हा वाळून हाती येई तो आठवड्यानं. तुमचे आजोबा वकील होते, चार लोकांत बसणारे. पण मंत्रिमंडळ बदललं की ते त्यांना अशिलाकडून समजे. पावसाळ्यात तर पनवेलच्या हवेत काहीच वाळत नाही. मग स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून त्यांवर पेपर वाळत घातलेले असत आणि आम्ही भाकऱ्या थापताना मान वर करून गेल्या महिन्यातल्या बातम्या वाचत असू.

वजन हा दुसरा प्रश्न. पाटे, वरवंटे, कायद्याची जाड पुस्तकं, तांदळाचं पिंप, सगळ्यांखाली झाडं असायची. एकदा आजोबांच्या महाडच्या आत्याबाई दोन दिवसांसाठी आल्या. देह भरभक्कम. मामांनी त्यांच्या गादीखाली गुपचूप नेचे सरकवले. तिसऱ्या दिवशी त्या निघाल्या तर मामा कधी नव्हे ते दारापर्यंत धावत गेले, "आत्या, इतक्यात कसल्या जाता, अजून चार दिवस तरी राहाच," असं हात जोडून म्हणाले. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मरेपर्यंत त्या सांगत, माहेरी मला जीव लावणारा तो एकच पोरगा. नेचे फार सुंदर वाळले होते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि चिठ्ठ्या. चिठ्ठीवाचून वस्तू म्हणजे मामांना अंगावर काटा. "चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पाचोळा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी, छत्रीवर चिठ्ठी, सासूबाईंच्या कवळीच्या डबीवर चिठ्ठी. तुमचे बाबा बाराव्या दिवशी पाळण्यात घातले तेव्हा पाहुण्यांनी वाकून पाहिलं, तर पाळण्याच्या दोरीला मामांची चिठ्ठी लटकत होती: "स्थळ: पनवेल, माजघर. उंची: वीस इंच. रंग: गुलाबी (पुढे बदलण्याची शक्यता)." बदलला, हे तुम्ही जाणताच. माझं अक्षर वळणदार, इंग्रजी मिशनच्या शाळेत घोटलेलं, म्हणून विद्यापीठाच्या चिठ्ठ्या मामा माझ्याकडून लिहून घेत. मला नीटनेटकेपणाची आवड होती आणि त्याचा थोडा गर्वही होता. सासूबाई म्हणत की या घरात दोन वेडे आहेत, एक माझ्या माहेरचा आणि एक मी निवडून आणलेली.

आता मुख्य गोष्ट सांगते. मामांच्या हर्बेरियममध्ये सर्वांत खालच्या खणात एक गठ्ठा होता. त्यात त्रेचाळीस कागद होते. कोणाला पान होतं तर फूल नव्हतं, कोणाला फळ होतं तर पान नव्हतं. आणि अर्ध्या झाडावरून नाव ठरवता येत नाही. मामा त्याला "निनावी गठ्ठा" म्हणत आणि त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली आणत, जसं घरातल्या लग्न न जुळलेल्या मुलींविषयी बोलतात. दर वर्षी ते एखादा कागद घेऊन त्याचा उरलेला अर्धा भाग शोधायला डोंगरात जात. तेवढ्यात विद्यापीठात नवे प्रमुख आले. परदेशी शिकलेले, हुशार, आणि जागेच्या टंचाईनं त्रासलेले. त्यांनी हुकूम काढला की अपुरे आणि नाव नसलेले सगळे नमुने दिवाळीपर्यंत काढून टाकावेत. मामाही दिवाळीनंतर निवृत्त व्हायचे होते. मामांनी आयुष्यात प्रथमच साहेबाच्या खोलीत जाऊन रदबदली केली. शेवटी प्रमुख म्हणाले, त्या गठ्ठ्यातला एक तरी नमुना यंदा पुरा करून दाखवा, म्हणजे बाकीच्यांना आणखी मुदत देऊ.

मामांनी निवड केली ती एका शेवळाची. तुम्ही शेवळं पाहिली नसतील. मृगाच्या आगेमागे आपल्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीतून एक लांबट कोंब वर येतो, ते त्याचं फूल. ते आठ-पंधरा दिवसांत संपतं आणि मग त्याच कंदातून पान येतं. फूल आणि पान एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. कोंबाची भाजी होते, आपल्या घरात तर ती वर्षाचा सण. पण तिला फार खाज असते, घसा धरतो. म्हणून काकडं नावाची आंबट फळं तिच्यात घालावीच लागतात. कर्नाळ्याच्या पायथ्याशी मामांना आदल्या श्रावणात एका खडकाजवळ शेवळाची चार पानं दिसली होती, ती नेहमीच्यांसारखी नव्हती. देठ काळपट, पानाची कड निराळी. एक पान कागदावर चढलं होतं. आता त्याच जागेवरचं फूल हवं होतं. खडकापाशी त्यांनी खुंटी ठोकली, तिला पत्र्याची चिठ्ठी बांधली, आणि जवळच्या वाडीवर राहणारी ताईबाई, जी आम्हांला रानभाजी आणून विके, तिला राखणीला नेमलं.

शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत असे. शुक्रवारी संध्याकाळी ताईबाई धापा टाकत मागच्या दारी आली. पदरातून चार कोंब काढले.

"वयनी, मामांची शेवलां. चारी आनली. ठेवली आसती तं कोनी पन न्हेली आसती, मंग मामांना काय तोंड दावू?"

मी कोंब हातात घेतले. अंगावर शहारा आला, खोटं सांगत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ते मी माठाच्या तिवईखाली गारव्याला ठेवले. मामा उद्या दुपारी येणार होते. चिठ्ठी बांधायला दोन मिनिटं लागली असती. पण दुसऱ्या दिवशी हजेरीपट द्यायचे होते आणि ते मला लाल शाईनं आखायचे होते. म्हटलं, शाळेतून आल्यावर सुवाच्य अक्षरात लिहू, घाईत नको. नीटनेटकेपणानं माझा घात केला तो असा.

शनिवारी सकाळी सासूबाई पाणी घ्यायला वाकल्या. ओल्या फडक्यात शेवळं दिसली. त्यांना वाटलं, भाऊ आज येणार, ही त्याची आवडती भाजी, सुनेनं आठवणीनं घेऊन ठेवली आहे, किती गुणाची. त्यांनी कोलंबी आणवली. काकडं शोधली तर ती घरात नव्हती आणि बाजारातही मिळाली नाहीत, म्हणून चिंचेवर भागवलं. दुपारी मी शाळेतून आले तेव्हा पानं मांडली होती. त्या आठवड्यात शेवळाची भाजी दिवसाआड होत होती, त्यामुळे मला काहीच वाटलं नाही. आजोबा, मामा, सासूबाई आणि मी, चौघंही पोटभर जेवलो. मामांनी तीनदा वाढून घेतली.

"ताई, आज घशाला कणभरही खाज नाही. हात तुझा सोन्याचा."

जेवण उरकल्यावर मी मोठ्या ऐटीत म्हटलं, मामा, डोळे मिटा, आणि माठाच्या तिवईखाली हात घातला. फडकं स्वच्छ धुऊन खिडकीत वाळत घातलेलं होतं.

ताईबाईनं काल काय आणून दिलं होतं ते मी सांगितलं. मग मामा उठले, चिमटा आणि भिंग घेऊन परसात गेले आणि केळीच्या बुंध्याशी भाजीचा टाकाऊ भाग शोधू लागले. तिथे शेजाऱ्यांच्या कोंबड्या होत्या आणि त्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. सासूबाई मागच्या पायरीवर उभ्या होत्या.

"बाबू, मला काय ठाऊक रे? तू येणार म्हणून केली."

मामा केळीपाशी उकिडवे बसलेलेच होते. म्हणाले, "ताई, भाजी उत्तम झाली होती. तेच तर दुःख आहे."

मला ते रागावले असते तर बरं झालं असतं. चिठ्ठीचं त्यांनी नाव काढलं नाही, त्या दिवशी नाही की पुढे कधी नाही.

पण हार मानतील तर ते मामा कसले. संध्याकाळी त्यांनी आम्हां तिघांना ओळीनं पाटावर बसवलं आणि कागद-पेन्सिल घेऊन जबान्या घ्यायला सुरुवात केली. काकडं घातली नव्हती ना? नक्की? मग घसा धरला का? जीभ चुरचुरली का? किती वेळानं? काकडांवाचून शेवळं खाऊन चार माणसांचा घसा साफ राहतो याचा अर्थ हे शेवळ निराळंच आहे, हा पुरावा नव्हे तर काय? आजोबांनी वकिली डोक्यानं सांगितलं की साक्षीदारांनी मुद्देमालच खाल्लेला असेल तर न्यायालय तो पुरावा मानत नाही. मामांनी त्यांचीही जबानी लिहून घेतली. मग पानाच्या कागदावर नवी चिठ्ठी लागली, माझ्याच अक्षरात: "फूल: उपलब्ध नाही. चव: सौम्य. चार प्रौढ व्यक्तींनी काकडांवाचून सेवन केले, खाज नाही."

नव्या प्रमुखांनी ती चिठ्ठी वाचली. ते वाईट माणूस नव्हते. हसू आवरून त्यांनी सांगितलं की हे जेवणाचं वर्णन आहे, फुलाचं नाही. आणि त्रेचाळीस कागद रद्दीत काढले.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी मामा एस.टी.तून उतरले ते डोक्यावर वळकटी घेऊन. सतरंजीत सगळा निनावी गठ्ठा होता. रद्दीवाल्याच्या हातून त्यांनी तो मागून घेतला होता. कागद ठेवायचे कुठे हा प्रश्न होता, कारण आपल्या घराला उंदीर आणि वाळवी दोन्ही होती. सासूबाई उठल्या. त्यांचं लग्नातलं सागवानी कपाट होतं, ज्याच्या किल्लीला त्यांनी दहा वर्षांत मला हात लावू दिला नव्हता. ते त्यांनी उघडलं, शालू आणि पैठण्या काढून माझ्या पलंगावर आणून टाकल्या, खण पुसले आणि बाजूला झाल्या.

पुढची वर्षं मामा पनवेललाच राहिले. शेवळाचा कंद जमिनीत शाबूत होता. पण त्यालाही बहुधा राग आला असावा. तीन वर्षं फूल आलंच नाही, नुसती पानं. दर ज्येष्ठात मामा खडकापाशी जाऊन बसत आणि रिकाम्या हातानं परत येत. चौथ्या वर्षी त्यांचे गुडघे धरले. जिना उतरता येईना तिथे डोंगर कुठला. मग ताईबाईला घेऊन मी गेले. पत्र्याची चिठ्ठी गंजून गेली होती. खुंटीपाशी तीन कोंब होते, एक पूर्ण उमललेला.

मी पदर खोचून दगडावर बसले आणि चिठ्ठी लिहायला काढली.

"वयनी, आदी कापा, मंग लिवा. उनानं मलूल व्हईल."

"नाही. आधी चिठ्ठी."

ताईबाई हसली. "मामांच्यावानी झालाव तुमी."

एकच फूल कापलं, दोन ठेवली. मामा ओट्यावरच बसले होते. फूल घेतलं, पाहिलं, आणि हर्षानं काही बोलतील असं वाटलं तर भिंग घेऊन खोलीत गेले. दोन दिवस जुनी जाड इंग्रजी पुस्तकं उघडी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी सांगितलं की हे शेवळ नवं नाही. ऐंशी वर्षांपूर्वी कोणा साहेबानं दक्षिणेकडे ते पाहून त्याला नाव देऊन ठेवलं होतं. पुस्तकात फुलाचं वर्णन होतं, पानाचं नव्हतं. आणि मामांकडे इतकी वर्षं नुसतं पान होतं.

माझा चेहरा पडला. एवढी वर्षं गेली, एवढा गठ्ठा गेला, आणि शेवटी जुनंच? मामांना मात्र माझं दुःख कळेचना.

"अगं, म्हणजे त्याला नाव आहे," ते म्हणाले. "मला वाटत होतं, बिचाऱ्याला नावच नाही."

त्यांनी कागदावर पेन्सिलीनं नाव लिहिलं. फुलाच्या चिठ्ठीत "गोळा करणारा" या जागी मी आदरानं त्यांचं नाव घातलं होतं. ते खोडून त्यांनी माझं लिहिलं, आणि खोटी नोंद केल्याबद्दल मला चांगलं फैलावर घेतलं. भाजीची जबानी त्यांनी तशीच राहू दिली. ती माहिती साहेबाच्या पुस्तकात नव्हती, तेव्हा शास्त्रात सासूबाईंची तेवढी भर पडलीच.

त्यानंतर मामा आणखी सहा पावसाळे होते. गावोगावच्या रानभाजी विकणाऱ्या बायका, गुराखी, पोस्टमन, सगळ्यांना त्यांनी कामाला लावलं आणि बसल्या जागेवरून आणखी दहा कागदांना नावं मिळवून दिली; शेवळ धरून अकरा झाले. ते गेल्यावर मी ते अकरा घेऊन विद्यापीठात गेले. तोवर तिथे दुसरेच प्रमुख आले होते. त्यांनी ते आदरानं ठेवून घेतले. उरलेले बत्तीस मी दाखवले तेव्हा म्हणाले, "बाई, यांचं आम्ही काय करणार?" मी ते पुन्हा बांधले. परत आणले.

ते अजून त्याच सागवानी कपाटात आहेत. वर्षातून एकदा मी एकेक कागद काढून उन्हाची तिरीप दाखवते, कडुनिंबाचा पाला बदलते. मला त्यांतलं फारसं काही कळत नाही. गेल्या आठवड्यात एका कागदावरचं पान देठापासून सुटून माझ्या मांडीवर पडलं. बोटाच्या पेराएवढं, तपकिरी, कशाचं ते कुणालाच ठाऊक नाही. मामांनी शिकवलं होतं की गळालेलं टाकायचं नसतं. कागदाची लहान पुडी करायची, तुकडा तिच्यात घालायचा आणि पुडी त्याच कागदाच्या कोपऱ्यात चिकटवायची, म्हणजे ते आपल्या झाडापाशी राहतं. पुडी वाकडी झाली. तिच्यावर तारीख घातली, स्थळ पनवेल लिहिलं, आणि नावाची जागा मोकळी सोडली.